कंपाउंडच्या भिंतीपर्यंतची वीज : मुंबईतल्या सोसायटीने मायक्रोग्रिड करायला घेतलं तर

१२ ऑक्टोबर २०२०ला सकाळी दहाच्या सुमारास अख्ख्या मुंबईची वीज गेली. तेव्हा आमच्या गोरेगावच्या सोसायटीच्या गच्चीवर वीस किलोवॅटची सौर पॅनेल बसून आठ महिने झाले होते. लोकल थांबलेल्या, घरोघरी लॅपटॉपवर ऑफिस, पोरांची शाळा मोबाइलवर, आणि सातव्या मजल्यावरच्या काकू लिफ्टमध्ये अडकलेल्या. खाली जमलेले सगळे माझ्याकडे बघत होते, कारण सोलरचा ठराव मी मांडला होता. "अहो सेक्रेटरी, वर सूर्य आहे ना? मग खाली वीज का नाही?"

ठेकेदाराला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, लाइन गेली की आपली सिस्टिमपण जाते. कागदात लिहिलंय." लिहिलं होतं. अकराव्या पानावर.

त्यानंतरची चार वर्षं मी या विषयात घालवली. ज्यांना आज सुरुवात करायचीय त्यांना अकरावं पान आधी वाचायला मिळावं म्हणून हे लिहितोय. तांत्रिक भाग सांगणारे शंभर जण भेटतील. पण मुंबईत मायक्रोग्रिड अडतं ते कायद्यात, आणि तेसुद्धा ठरावीक जागांवर. त्या जागा ज्या क्रमाने वाटेत येतात त्याच क्रमाने सांगतो.

आधी ठरवा, नेमकं हवंय काय

मायक्रोग्रिड म्हणजे स्वतःची निर्मिती, थोडा साठा आणि स्वतःचा भार असलेलं छोटं जाळं. एरवी ते शहराच्या ग्रिडला जोडलेलं असतं, पण वेळ आली की सुटं होऊन आपल्या पायावर चालतं. यातलं "सुटं होऊन" हे महत्त्वाचं. नुसतं गच्चीवरचं सोलर म्हणजे मायक्रोग्रिड नव्हे. आमचं नव्हतंच.

तेव्हा कमिटीच्या पहिल्या बैठकीत एकच प्रश्न ठेवा: बिल कमी करायचंय की वीज गेल्यावर लिफ्ट आणि पंप चालवायचाय? पहिल्याचं उत्तर नेट मीटरिंग, म्हणजे ग्रिडमध्ये सोडलेली जास्तीची वीज बिलातून वजा करून घेणं, आणि दुसऱ्याचं बॅटरी. दोन्हींचे नियम वेगळे, खर्च वेगळा. "शेजारच्या सोसायटीलाही वीज देऊ" हे तिसरं स्वप्न असतं. ते ज्याला पडेल त्याला पुढे गल्लीचा भाग वाचायला द्या.

२००३च्या विद्युत अधिनियमात मायक्रोग्रिडची व्याख्या केलेली नाही. निर्मिती, पारेषण, वितरण, व्यापार हे चार धंदे मात्र त्यात सांगितलेत. निर्मितीला परवाना लागत नाही, ती कलम ७नुसार मोकळी आहे. उरलेल्या तिघांना कलम १२ परवान्याशिवाय हात लावू देत नाही. त्यामुळे तुमच्या आराखड्यातली प्रत्येक रेघ एकाच नजरेने तपासायची: इथे वीज एकाच्या मालकीतून दुसऱ्याच्या मालकीत जाते का? जात नसेल तर वाट बरीच मोकळी आहे.

तार कोणाची ते बिलावर बघा

पुण्या-नाशिकच्या माणसाला हा प्रश्न पडत नाही, तिथे महावितरण. मुंबईत पडतो. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत बेस्ट. उपनगरांत मुख्यतः अदानी, म्हणजे आधीची बीएसईएस आणि मग रिलायन्स. २०१८मध्ये ते हस्तांतर झालं. भांडुप-मुलुंडकडे महावितरण. आणि बेस्ट-अदानीच्या भागांत समांतर परवाना असलेली टाटा पॉवर. २००८च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने टाटाचा किरकोळ ग्राहकांना वीज द्यायचा हक्क मान्य केला आणि २००९च्या राज्य वीज नियामक आयोगाच्या आदेशाने उपनगरांतले ग्राहक दुसऱ्याच्या तारेवरूनच टाटाची वीज घेऊ लागले. म्हणजे एकाच जिन्यात एका घरात एका कंपनीचं बिल, समोरच्या घरात दुसरीचं, आणि तार दोघांनाही एकच. बिलावरचा "वहन आकार" हा त्या तारेचा पैसा.

याचा तुमच्याशी संबंध असा की अर्ज वीज विकणाऱ्याकडे करायचा असला तरी मीटरची जागा, ट्रान्सफॉर्मर, सुरक्षेची तपासणी यांत तारवाल्याचाही शब्द लागतो. आमच्या शेजारच्या इमारतीत दोन्हीकडे फाइल फिरवत तीन महिने गेले. पहिल्याच दिवशी दोन्हीकडे लेखी पत्र द्या आणि पोच घ्या.

बेस्टच्या हद्दीत राहत असाल तर आणखी एक गोष्ट. कलम ४२(३)मध्ये, कायदा येण्याआधीपासून वितरण करणाऱ्या स्थानिक प्राधिकरणाला ओपन ॲक्सेसच्या, म्हणजे आपली तार दुसऱ्याच्या विजेला वापरू देण्याच्या, सक्तीतून वगळलंय. बेस्ट नेमकी तशी आहे. २०१४च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात हाच मुद्दा होता: टाटाने स्वतःची तार टाकून वीज द्यावी, पण बेस्टची तार वापरू देण्याची सक्ती बेस्टवर नाही. त्यामुळे दादरच्या सोसायटीला "बाहेरून हिरवी वीज आणून देतो" म्हणणारा एजंट भेटला तर त्याला हे कलम वाचून दाखवा.

गच्ची कोणाची

इथे निम्म्या सोसायट्या घसरतात, आणि विजेच्या माणसांना हे माहीतच नसतं.

कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करून देणं, झालंय का? प्रॉपर्टी कार्डावर सोसायटीचं नाव आहे की अजून बिल्डरचं, किंवा त्याच्याही आधीच्या जमीनमालकाचं? नसेल तर फ्लॅट मालकीच्या मोफा कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकाकडे मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करता येतो. साध्या नेट मीटरला हे कोणी विचारेलच असं नाही. पण बँकेचं कर्ज, अनुदान, किंवा पुढे सांगतोय ती सिंगल पॉइंट जोडणी यांत मालकीचा कागद कधीतरी समोर येतोच. जुन्या सेस (दुरुस्तीचा उपकर लागणाऱ्या) इमारतीत तर भाडेकरूंनी गच्चीला हात लावायच्या आधी मालक आणि म्हाडा, दोघांचाही विचार करावा लागतो.

गच्चीवर स्टँड उंच करून खाली चालायला जागा ठेवायची पद्धत आता रूढ झालीय. पार्ले, सांताक्रूझ, कुर्ला, घाटकोपर या पट्ट्यात विमानतळाची उंचीची मर्यादा असते आणि तिच्यात टाकी, वीजरोधक, मास्ट सगळं धरतात. इमारत बांधतानाच मर्यादेला टेकलेली असेल तर आठ-दहा फुटी स्टँड म्हणजे नवी भानगड. विमानतळ प्राधिकरणाचं जुनं ना-हरकत पत्र फाइलमधून काढा आणि त्यावरचा आकडा बघा. हेरिटेज यादीतल्या इमारतींना आणि परिसरांना महापालिकेकडचा वेगळा सोपस्कार आहे.

आणि सावली. आमच्या पूर्वेला पुनर्विकासात बावीस मजली टॉवर उठला. सकाळी साडेदहापर्यंत आमची अर्धी गच्ची त्याच्या सावलीत असते. सूर्यप्रकाशावरचा हक्क सांगायला कोणाकडे जावं हे मला कुठल्याही वकिलाने सांगितलं नाही. आजूबाजूला कुठल्या इमारतींचा पुनर्विकास ठरलाय हे विचारल्याशिवाय पॅनेलची ऑर्डर देऊ नका. स्वतःच्याच सोसायटीत ती कुजबुज सुरू असेल तर सरळ थांबा.

मीटरच्या खोलीत एक तास काढा

हे काम वायरमनवर सोडू नका, स्वतः जा. टॉर्च, वही आणि जुनं बिल घेऊन.

आमची मीटरची खोली जिन्याखाली. दार उघडलं की उंदरांचा आणि जुन्या रबराचा वास. डावीकडे कंपनीची केबल जमिनीतून वर येते आणि लोखंडी पेटीत शिरते. तिथून बसबार, मग लाकडी फळीवर आठ-आठच्या रांगांत ३८ घरांची मीटरं, प्रत्येकाला शिशाचं सील. सगळ्यात खाली, कोपऱ्यात, धुळीने आकडे न दिसणारं एकटं मीटर. त्यावर खडूने लिहिलेलं "कॉमन". लिफ्ट, दोन पंप, जिन्यातले दिवे, गेट, सीसीटीव्ही सगळं त्याच्यावर. सोसायटीच्या नावाचं तेवढं एकच. सील केलेल्या मीटरपर्यंतचं सगळं कंपनीचं, मीटरनंतरचं आपलं. त्या शिशाच्या मण्याला बोट लावायचं नाही, मग कितीही गंजलेला असो.

आता हिशेब. नेट मीटरिंगमध्ये सोलरची क्षमता त्या जोडणीच्या मंजूर भारापर्यंतच घेता येते. आमच्या कॉमन मीटरचा मंजूर भार २२ किलोवॅट. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी जागा लागते, त्या हिशेबाने गच्चीवर सावली सोडून पस्तीस बसले असते. पण पस्तीस टाकून उपयोग काय? वीज खाणारी ३८ घरं आहेत आणि त्यांची मीटरं वेगळी. गच्ची सगळ्यांची, क्रेडिट मात्र एकट्या कॉमन मीटरला. सामायिक छपरावरची वीज घराघराच्या बिलात वाटणारी व्हर्च्युअल नेट मीटरिंगची पद्धत यासाठीच निघाली. दिल्लीच्या आयोगाने २०१९मध्ये तिची मार्गदर्शक तत्त्वं काढली. आपल्याकडे अर्ज करताना महाराष्ट्र आयोगाच्या रूफटॉप विनियमांची, म्हणजे २०१९चा मूळ मजकूर आणि नंतरच्या दुरुस्त्या यांची, त्या दिवसाची प्रत आयोगाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि कंपनीला कलमाच्या नंबरासकट पत्र लिहा. तोंडी विचारलं की "नाही होत" असंच उत्तर मिळतं.

दुसरी वाट सिंगल पॉइंटची. केंद्र सरकारच्या २००५च्या "अडचणी दूर करण्याच्या" आठव्या आदेशानुसार, जागेची मालकी असलेल्या सहकारी गृहनिर्माण संस्थेला कंपनी एकाच ठिकाणी वीज देऊ शकते आणि संस्थेने ती त्याच आवारातल्या सभासदांना पुढे वाटायला वितरणाचा परवाना लागत नाही. "जागेची मालकी असलेल्या" हे शब्द पुन्हा वाचा, कन्व्हेयन्सचा कागद इथे समोर येतो. २०२४च्या ग्राहक हक्क नियमांतल्या दुरुस्तीने रहिवाशांना सिंगल पॉइंट की वेगवेगळी जोडणी हे मतदानाने ठरवायचा पर्याय दिलाय. कागदावर हीच मायक्रोग्रिडची सगळ्यात सरळ वाट आहे: सगळी इमारत एका मीटरमागे, आतली तार आपली, सोलर आणि बॅटरी आपली.

माझं मत विचाराल तर जुन्या इमारतीत हे करू नका. सोसायटी विजेची वसुली करणारी कंपनी होते. मेंटेनन्स थकवणारे तीन जण वीजबिलही थकवतात आणि त्यांची वीज तोडायला जिन्यात उभं राहायचं असतं खजिनदाराला. आज ज्याला हवं तो पुरवठादार बदलू शकतो, एका मीटरमागे असेपर्यंत ते जमत नाही. पण पुनर्विकासाचा करार अजून व्हायचा असेल तर गोष्ट वेगळी. मीटरची खोली, बॅटरीची खोली आणि गच्चीपासून खाली येणारा केबलचा डक्ट नकाशातच मागून घ्या. बांधकाम उरकल्यावर बिल्डर डक्टसाठी स्लॅबला भोक पाडू देत नाही.

गल्ली

आमच्या आणि समोरच्या सोसायटीच्या मध्ये वीस फुटी महापालिकेची गल्ली आहे. त्यांच्या गच्चीवर दिवसभर ऊन, आमच्याकडे टॉवरची सावली. त्यांचे चेअरमन माझ्यासोबत सकाळी फिरायला येतात. एक दिवस म्हणाले, "रविवारची उरलेली वीज तुम्हीच घ्या की. केबल टाकू, दोन झाडांवरून." तेव्हा मलाही ते सोपं वाटलं. म्हणून हा भाग जरा लांबवतो.

ती केबल टाकली असती तर काय झालं असतं? एक, त्यांची वीज आमच्याकडे आली म्हणजे वितरण झालं, आणि परवान्याशिवाय वितरण कलम १२मध्ये बसत नाही. पैसे घेतले तर कायद्याच्या भाषेत तो पुरवठा, म्हणजे विक्री. दोन, त्यांच्या मीटरमागून कंपनीची वीजही त्याच केबलने आमच्याकडे येऊ शकते. ज्या जागेसाठी जोडणी मंजूर झाली ती सोडून दुसऱ्या जागेत वीज वापरणं हा कलम १२६खाली अनधिकृत वापर ठरतो, आणि त्याची आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. तीन, रस्ता महापालिकेचा. खणायला परवानगी, चर भरायचे पैसे, आणि मुळात रस्त्याखालून तार न्यायचा अधिकार परवानाधारकाला असतो, सोसायटीला नाही. झाडांवरून नेलेल्या तारेबद्दल विद्युत निरीक्षक काय म्हणतील ते मी इथे लिहीत नाही.

मग परवानाच घेऊ? एकाच भागात दुसरा वितरण परवाना कायद्याला चालतो, टाटा तसाच आहे. पण केंद्राच्या २००५च्या नियमांनी त्यासाठी किमान क्षेत्र ठरवलंय आणि शहरात ते अख्ख्या महानगरपालिकेएवढं धरलंय. म्हणजे वीस फुटी गल्ली ओलांडायची तर दहिसरपासून कुलाब्यापर्यंत वीज द्यायची तयारी आणि तेवढं भांडवल दाखवायचं. चेअरमन हे ऐकून जॉगिंग ट्रॅकवर थांबून हसले.

खेड्यांत मात्र हे जमतं. सरकारने अधिसूचित केलेल्या ग्रामीण भागात निर्मिती करून तिथेच वाटप करणाऱ्याला कलम १४ परवाना मागत नाही. म्हणूनच पुणे जिल्ह्यातल्या दरेवाडीत २०१२मध्ये जेमतेम दहा किलोवॅटचं गावापुरतं सौर जाळं उभं राहू शकलं. उत्तर प्रदेशाने २०१६मध्ये मिनी-ग्रिडचं वेगळं धोरणच काढलं. कलम १३ तर सहकारी संस्थांचं नाव घेऊन त्यांना कलम १२मधून सूट द्यायचा अधिकार आयोगाला देतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी उडालोच, सहकारी संस्था म्हणजे आम्हीच की! मग पुढचे शब्द वाचले. ही सूट राज्य सरकारच्या शिफारशीवर आणि कलम ५खालच्या धोरणाला धरून द्यायची, आणि कलम ५ आहे ग्रामीण विद्युतीकरणाचं. आपल्या राज्यात सहकारातून वीज वाटल्याचं जुनं उदाहरण आहे ते श्रीरामपूरकडच्या मुळा-प्रवराचं, तेसुद्धा २०११पर्यंतच चाललं. शहरातल्या गल्लीसाठी असं दार अजून कोणी उघडलेलं नाही.

उरतात दोन वाटा, दोन्ही कंपनीच्या तारेवरून जाणाऱ्या. पहिली ओपन ॲक्सेसची. २०२२च्या केंद्राच्या हरित ऊर्जा नियमांनी तिची मर्यादा एक मेगावॅटवरून १०० किलोवॅटवर आणली, आणि एकाच विभागातल्या अनेक जोडण्या मिळून शंभर भरले तरी चालतात. त्यावर वहन आकार, तारेतली तूट आणि क्रॉस सबसिडी अधिभार (स्वस्त दराच्या ग्राहकांचा भार भरून काढणारा) लागतो. दुसरी कॅप्टिव्हची, म्हणजे स्वतःच्या वापरासाठीच्या स्वतःच्या प्रकल्पाची: प्रकल्पात वापरणाऱ्यांची निदान २६ टक्के मालकी आणि वर्षाच्या विजेपैकी निदान ५१ टक्के वापर. हे पाळलं तर क्रॉस सबसिडी अधिभार माफ, आणि डिसेंबर २०२१च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अतिरिक्त अधिभारही नाही. या नियमात एक बारीक सवलत आहे जी सल्लागार सहसा सांगत नाहीत. इतर भागीदारांना आपापल्या हिश्श्याच्या प्रमाणात वीज वापरावी लागते. नोंदणीकृत सहकारी संस्थेत मात्र २६ आणि ५१च्या अटी सगळ्या सभासदांनी मिळून पुऱ्या केल्या की झालं. दहा-बारा सोसायट्यांनी मिळून वेगळी संस्था काढली तर ही वाट विचार करण्याजोगी आहे. दोन सोसायट्यांसाठी नाही. खास मीटर, वेळापत्रक आणि हिशेबनीस यांतच बचत संपेल.

आम्ही काय केलं? केबल टाकली नाही. त्यांनी त्यांची बॅटरी घेतली, आम्ही आमची. पण कोटेशन एकत्र मागवलं, वार्षिक देखभालीचा करार एकाच माणसाला दिला, आणि वीज गेली की त्यांच्या पंपाची टाकी भरलेली असते तेव्हा आमचे लोक पाणी आणायला जातात. पाणी वाटायला परवाना लागत नाही.

दोन सेकंद

आता अकरावं पान. ग्रिड गेल्यावर आमची पॅनेल का झोपली? केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३च्या जोडणी मानकांनुसार, ग्रिडपासून चुकून तुटून बेट तयार झालं तर तुमच्या निर्मितीने दोन सेकंदांत तारेत वीज सोडणं थांबवलं पाहिजे. कारण रास्त आहे. खांबावर किंवा चरात काम करणारा लाइनमन तार मेली म्हणून हात लावतो, आणि आपल्या गच्चीवरून त्याच तारेत वीज उलटी येत असेल तर तो जिवानिशी जातो. हा नियम अडथळा म्हणून मोजू नका.

नियम बेट करायला बंदी घालत नाही, बेटातून बाहेर वीज सांडायला घालतो. म्हणून मागायची वस्तू अशी: हायब्रिड इन्व्हर्टर (सोलर आणि बॅटरी दोन्ही सांभाळणारा), बॅटरी, आणि ग्रिड गेल्याबरोबर मेन तारेपासून आवार आपोआप तोडणारा स्विच, शिवाय हाताने पाडता येणारा, कंपनीच्या माणसाला पोचता येईल असा दुसरा. बॅटरी लावताय हे कंपनीला अर्जातच लिहून कळवा. मागाहून बसवली आणि तपासणीत दिसली तर उत्तर देत बसावं लागतं.

कोटेशनमध्ये "बॅकअप सपोर्टेड" असं लिहिलेलं चालवून घेऊ नका. कुठला भार, किती किलोवॅट, किती तास हे आकड्यांत लिहून घ्या. लिफ्टची मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. इन्व्हर्टर तेवढा झटका सोसेल का ते वेगळं विचारा. डीजी (डिझेल जनरेटर) असलेल्या टॉवरांत आणखी एक पेच: जनरेटर चालू असताना सोलर त्याच्यात उलटी वीज ढकलणार नाही यासाठी कंट्रोलर लागतो.

बॅटरी ठेवायची कुठे यावर अग्निशमनाची बाजू येते. आमच्या पहिल्या ठेकेदाराने ती जिन्याखाली, मीटरच्या खोलीतच सुचवली होती. आग लागली तर अडतीस घरांना उतरायला तोच जिना. शेवटी पंपाच्या खोलीशेजारी, बाहेरच्या भिंतीला, २६ जुलैच्या पाण्याची खूण जिथे होती तिच्यावर दोन फूट उंच ओट्यावर ठेवली. २००५ला उपनगरांत कित्येक ठिकाणी पाण्यामुळे दिवसचे दिवस वीज नव्हती. पहिल्याच पावसात बुडणारी बॅटरी काय कामाची? दर जानेवारी-जुलैत अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी भरून देणाऱ्या एजन्सीला जागा आधी दाखवा. विद्युत निरीक्षकाची तपासणी कोणत्या टप्प्यावर लागेल हे ठेकेदाराने लेखी सांगावं आणि फी कोटेशनमध्येच धरावी.

ठराव, अर्ज, अनुदान

वार्षिक सभेला चौदा दिवसांची नोटीस, विशेष सभेला पाच. विषयपत्रिकेवर "इतर विषय" म्हणून हे ढकलू नका, नंतर एखादा सभासद उपनिबंधकाकडे जातो. ठरावात क्षमता, रक्कम, पैसा कुठल्या निधीतून आणि देखभाल कोणाकडे हे चार मुद्दे हवेत.

२०२४च्या दुरुस्तीनंतर १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक व्यवहार्यतेची तपासणी लागत नाही. त्याच्या वर कंपनीने १५ दिवसांत ती उरकायची, नाही उरकली तर मंजूर समजायची. अर्जाच्या पोचपावतीवरची तारीख म्हणूनच जपा. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक सोयींसाठी, ई-वाहनांच्या चार्जिंगसकट, किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात, ५०० किलोवॅटपर्यंत. पॅनेल देशी बनावटीची हवीत. बॅटरीचा खर्च या हिशेबात धरू नका.

अडलं तर

फोनवर भांडू नका. आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी, मग कंपनीच्याच ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे, आणि तिथला निकाल पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपालांकडे. वकील लागत नाही. मी स्वतः गेलोय. तारखांचा एक कागद, पोचपावत्या आणि विनियमातलं कलम एवढ्यावर सुनावणी होते. दरांच्या प्रस्तावांवर आणि विनियमांच्या मसुद्यांवर आयोग हरकती मागवतो, तेव्हा सोसायटीच्या लेटरहेडवर दोन पानं जरूर पाठवा. ३८ घरांचं क्रेडिट एका कॉमन मीटरला का, हा प्रश्न तिथे मांडायचा असतो.

आणि काम पुरं झाल्यावर ठेकेदार हार-पेढे घेऊन येईल तेव्हा त्याला, कंपनीच्या माणसाला आणि लिफ्टवाल्याला एकाच वेळी बोलवा. भर दुपारी, सगळ्यांसमोर, मेन स्विच पाडायला सांगा. लिफ्ट तळमजल्यावरून सातव्यापर्यंत नेऊन आणा, पंप चालवा, मेन तारेत उलटी वीज नाही हे मीटर लावून बघा, आणि अर्धा तास तसंच चालू द्या. आमच्याकडे पहिल्या वेळी लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली. शेवटचा हप्ता तोपर्यंत दिलेला नव्हता.